ग्रंथ कुणाच्या हातात?

सत्य आणि मुक्तता यांचं नातं सांगणारं येशूचं प्रसिद्ध वचन योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. ते सहसा अर्धंच सांगितलं जातं. त्याआधीची अट गळून जाते: माझ्या वचनात टिकून राहाल तर. म्हणजे आधी निष्ठा, मग सत्य, आणि शेवटी मुक्तता. ऐकणारे तिथल्या तिथे उलट विचारतात की आम्ही अब्राहामाची संतती, आम्ही कुणाचे गुलाम कधी नव्हतोच. मग आम्हाला सोडवणार कशातून?

हा प्रश्न रायगडच्या मुलखाला परका नाही. पनवेलहून रोह्याकडे जाताना पेण, नागोठणे, निडी अशी स्थानकं लागतात. अलिबाग-रेवदंड्यापासून पेण-रोह्यापर्यंतच्या या पट्ट्यात शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवणारी माणसं होती. गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं लावणारे हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शब्बाथ पाळायचा, आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, शेमा ही प्रार्थना म्हणायची, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं होतं. मात्र ज्या ग्रंथातून हे सगळं आलं तो वाचता येण्याची सोय त्यांच्यापाशी नव्हती.

ती सोय बऱ्याच अंशी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केली. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1826 मध्ये त्यांनी मराठी नवा करार छापला. किनाऱ्यावर त्यांच्या शाळा निघाल्या, त्यांत बेने इस्राएल मुलं शिकली. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून दिलं. अब्राहामाच्या वंशजांना शास्त्र वाचता आलं की ते येशूकडे येतील, हा हिशेब उघड होता. तो चुकला. ख्रिस्ती झाले ते थोडे. बाकीच्यांनी शास्त्र घेतलं आणि ते आपल्याच धर्मात अधिक जाणतेपणानं राहू लागले. 1880च्या सुमारास तर ते अब्राहाम-योसेफाच्या कथांवर मराठीत कीर्तनं करू लागले. मिशनऱ्यांचं श्रेय मी नाकारत नाही. माझा मुद्दा एवढाच की ग्रंथ एकदा वाचणाऱ्याच्या हाती गेला की देणाऱ्याचा ताबा सुटतो, आणि मुक्ततेची सुरुवात तिथूनच होते.

याचं सर्वांत स्वच्छ, आणि सर्वांत अडचणीचंही, मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या. दुष्काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती एका वेदाची प्रत दिली, तेव्हा स्त्रीनं वेद वाचायचे नसतात ही शिकवण त्यांना पहिल्यांदा ओलांडावी लागली. शास्त्रांचं आपसात अनेक बाबतींत पटत नाही, मात्र स्त्री हीन आहे यावर त्यांचं एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी पुढे नोंदवला. तो त्यांनी काढला तो स्वतः वाचून.

सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे गोष्ट संपली असं त्यांचे टीकाकारही मानतात आणि स्तुतिपाठकही. खरा झगडा त्यानंतरचा आहे. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना आश्चर्य वाटलं: माझ्या बापाची ना नवऱ्याची कधी हरकत नव्हती, ती इंग्रजांची कशी? क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत हेही त्यांना पटेना. जी भाषा मला आणि माझ्या माणसांना कळत नाही तिच्यापेक्षा संस्कृत का नको? त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्या अडल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. ख्रिस्ताच्या मंडळीत मी आले आहे, म्हणून प्रत्येक धर्मगुरूच्या तोंडचा शब्द प्रमाण मानायला मी बांधलेली नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत अडकण्यासाठी त्यांनी एवढं मोल मोजलं नव्हतं. बायबलवरची त्यांची निष्ठा हेच बिशपांपुढे उभं राहण्याचं त्यांचं बळ होतं. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी. इतक्या उशिराची कबुली सहसा कुणी धर्मांतरित देत नाही.

आता अडचण. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचं आश्वासन होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि मुली येऊन बसत. 1893 मध्ये वाद पेटला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं. दार बंद करणं रमाबाईंना अप्रामाणिक वाटलं असणार, हे मला पटतं. तरीही जिला दुसरं छप्पर नाही अशा बालविधवेनं उघड्या दारातून आत येणं हे पूर्ण मोकळ्या मनाचं पाऊल असतं का? पालकांचा संशय सगळाच दुष्ट नव्हता. 1896च्या दुष्काळानंतर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तेव्हा तर शेकडो स्त्रिया भुकेनं आलेल्या होत्या. रमाबाईंनी स्वतःसाठी जी कसोटी लावली होती, की वाचेन, पारखेन, मगच मानेन, ती आश्रितांना लावणं त्या परिस्थितीत फार कठीण होतं.

मला वाटतं, याचं भान त्यांनाही असावं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षं घातली. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं मिशनमधल्याच स्त्रिया करत. अक्षर ओळखू लागलेल्या बाईच्या हाती ग्रंथ द्यायचा, मध्ये कुणी शास्त्री, पाद्री वा पंडिताही नको, हाच त्याचा अर्थ. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर, 1924 मध्ये बाहेर आलं.

धर्मांतरावर आपल्याकडे जो गलबला होतो त्यात कुणी कुणाला ओढलं याचीच मोजदाद होते. वाचून, भांडून, उशिरानं मानणारी व्यक्ती त्या मोजणीत बसत नाही. रमाबाईंचा वाँटेजच्या काळातला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत छापला आहे. त्यांच्या बाजूनं किंवा विरुद्ध पुढचं वाक्य बोलण्याआधी तो वाचावा.