जुन्या गाडीचे नवे दिवे

मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सेवेतून निवृत्त झाली. टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची मर्यादा तिने गाठली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून बाहेर पडत राहिली. २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. तिच्याही आधीची, गोलसर नाकाची गाडी ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. अशा गाड्या आता दुर्मीळ झाल्या आहेत, आणि दुर्मीळ झाल्या म्हणूनच त्यांचे मोल पुन्हा वाढले आहे. वाडीत, पडवीत वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली गंजत पडलेली आजोबांची किंवा वडिलांची गाडी नातवंडे बाहेर काढतात, मिस्त्री शोधतात, पदरचे पैसे ओततात, आणि वर्ष-दोन वर्षांनी ती गाडी पुन्हा रस्त्यावर उभी राहते.

खरा प्रश्न तेथून सुरू होतो. रंग चकाकतो आहे, क्रोमची पट्टी उजळली आहे, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पूर्वीसारखाच पडतो आहे. परंतु दिवस मावळल्यावर ही गाडी महामार्गावर नेली, की तिचे वय जाणवू लागते. पुढच्या दिव्यांचा उजेड पिवळसर आणि थोडक्यातच संपणारा. सिग्नलपाशी इंजिन मंदावले, की डायनॅमोची वीज अपुरी पडते आणि दिवे आणखी मिणमिणतात. मागचा तांबडा दिवा जेमतेम पाच वॅटचा. भरधाव येणाऱ्या ट्रकचालकाला तो वेळेवर दिसेल याची शाश्वती नाही. डाव्या बाजूला आरसा नाही. पुढची सीट एकसंध बाकासारखी. डोक्यामागे आधार नाही, कमरेला पट्टा नाही. अशा वेळी घरातला एक जण म्हणतो, दिवे बदलू, पट्टे बसवू, जमल्यास थंड हवेची सोयही करू. दुसरा म्हणतो, मग नवी गाडीच का घेऊ नये? जिला आपण एवढ्या कष्टाने ‘जशी होती तशी’ परत आणली, तिलाच आता बदलायचे असेल, तर आपण परत आणले ते काय?

हा वाद केवळ हौशी लोकांचा नाही. वारशाने आलेल्या वस्तूवर आपला अधिकार किती आणि तिच्याविषयी आपले कर्तव्य कोणते, हा नीतीचा प्रश्न त्यात आहे.

‘मूळ’ या शब्दापासूनच आरंभ करू. ग्रीक लेखक प्लुटार्क याने थीसियसच्या जहाजाची कथा नोंदवली आहे. अथेन्सचे लोक त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या घालीत, आणि सगळ्या फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? जुनी मोटार उभी करणाऱ्या मिस्त्रीला हा पेच पुस्तकातून शिकावा लागत नाही. सडलेला पत्रा कापून त्याने नवा जोडलेला असतो. पिस्टनच्या रिंगा, ब्रेकचे लायनर, रबरी नळ्या, सारे वायरिंग नवे घातलेले असते. म्हणजे जिला आपण मूळ गाडी म्हणून नमस्कार करतो, तिच्यातले बरेचसे द्रव्य कालपरवाचे आहे. तेव्हा मूळपण द्रव्यात शोधू लागलो, तर हाती काही लागत नाही.

कायद्यानेही याचे उत्तर शोधण्याचा यत्न केला आहे. आपल्याकडे २०२१ सालच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. मात्र ते मूळ रूपात असावे आणि त्याची चौकट, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगी ती बाहेर काढायची. ब्रिटनमध्ये बराच काळ गुणांची पद्धत होती. मूळ चौकट राखली तर पाच गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांचे प्रत्येकी दोन आणि इंजिनाचा एक. चौदांपैकी आठ मिळाले, तर गाडीचा जुना नंबर टिकायचा. ज्याला आपण गाडीचे काळीज म्हणतो त्या इंजिनाला तेथे केवळ एक गुण होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. परंतु असे नियम गाडीची ओळख ठरवतात. मालकाने तिच्याशी आणि तिच्यामुळे इतरांशी कसे वागावे, हे ते सांगत नाहीत.

शिवाय, काही न बदलण्याचा निश्चय केला तरी तो पाळता येत नाही. भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. ते आरोग्याच्या दृष्टीने अत्यंत योग्यच झाले. परंतु जुन्या अनेक इंजिनांत ते शिसेच व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज रोखीत असे, म्हणून त्या बैठका कठीण धातूच्या करून घेणे भाग पडले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्याने जुन्या प्रकारचे रबर फुगते, चिरते. नळी बदलली नाही, तर पेट्रोल गळून गाडी पेटण्याची भीती. गाडी तीच ठेवायची म्हटली, तरी तिच्याभोवतीचे जग तेच राहत नाही. जुन्याशी निष्ठा राखण्यासाठीच पुष्कळदा बदल करावा लागतो.

मग बदलाची मर्यादा कोठे? येथे मला दिव्यांचे उदाहरण फार बोलके वाटते. गाडीच्या दिव्यांचे काम दुहेरी आहे: मला दिसावे आणि मी दिसावे. मी दिसावे, हे सर्वस्वी माझ्या इच्छेवर सोडता येणार नाही. मागून येणाऱ्या सायकलस्वाराने, ट्रकचालकाने माझ्या गाडीच्या मूळपणाशी करार केलेला नाही. त्याला माझी गाडी वेळेवर दिसणे हा त्याचा हक्क आहे. म्हणून मागचे दिवे उजळ करणे, इंडिकेटर स्पष्ट करणे, मागच्या काचेशी ब्रेकचा तिसरा दिवा लावणे, या गोष्टींना मी हौस म्हणणार नाही. ते कर्तव्य आहे. आणि ते फारसे अवघडही नाही. जुन्याच काचेमागे एलईडीचा दिवा बसतो. मात्र तांबड्या काचेमागे तांबडाच एलईडी घालावा, कारण ती काच पांढऱ्या उजेडातला बराचसा भाग अडवते. एलईडी वीज इतकी कमी घेतो, की जुन्या पद्धतीचा फ्लॅशर मिचकावतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. एवढे केले, की बाहेरून गाडी तीच दिसते आणि अंधारात मात्र ठळक दिसते.

‘मला दिसावे’ याची गोष्ट निराळी. पुढच्या दिव्यात झगझगीत एलईडी बल्ब घालण्याचा मोह सर्वांना होतो. परंतु जुन्या दिव्याचा आरसा हा तारेच्या बारीकशा ज्योतीसाठी घडवलेला असतो. त्यात भलत्या आकाराचा प्रकाश ठेवला, तर झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मला रस्ता लख्ख दिसतो, आणि समोरचा क्षणभर आंधळा होतो. त्यापेक्षा चांगले हॅलोजन, जाड वायर आणि रिले घालून बॅटरीची पुरी वीज दिव्यापर्यंत पोहोचवली, की उजेड पुष्कळ सुधारतो आणि झोतही जागेवर राहतो. स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याचा अंधार वाढवणारी सुधारणा सुधारणा नव्हे. हे केवळ मोटारीच्या दिव्यांपुरते खरे आहे, असे नाही.

आता आरामाचा विचार करू. आरामाला एकदम चैन म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. ज्या आईने तरुणपणी त्या गाडीतून माहेरपणाचे प्रवास केले, तिला आज पाठदुखीमुळे त्या बाकावर बसवत नसेल, तर गाडी राखली कोणासाठी? उकाड्याने आणि हादऱ्यांनी थकलेला चालक चुका अधिक करतो, हेही खरे. सीटमध्ये चांगला फोम भरणे, पत्र्याच्या आतून आवाज व उष्णता अडवणारे अस्तर लावणे, डाव्या बाजूला चिमट्याने बसणारा, भोक न पाडता लावता येणारा आरसा जोडणे, यांत काही बिघडत नाही. पण एक बदल दुसऱ्याला बोलावून आणतो. थंड हवेचे यंत्र बसवले, की त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाची शक्ती खातो; इंजिन तापते म्हणून मोठा रेडिएटर हवा; वीज पुरत नाही म्हणून डायनॅमोऐवजी अल्टरनेटर हवा; शेवटी इंजिनच दुबळे वाटू लागते. वाढलेल्या वेगाला जुने ड्रमचे ब्रेक पुरत नाहीत, म्हणून तेही जातात. प्रत्येक पाऊल समंजस असते, आणि तरीही अखेरीस हाती राहतो तो केवळ जुना चेहरा. जुन्या गाडीची गंमत थोडीशी तिच्या गैरसोयीतही असते. ती हळू चालवावी लागते, पुढचे अंतर राखावे लागते, तिचा आवाज ऐकावा लागतो. ती आपल्याकडून सबुरी मागते. ही मागणीच पुसून टाकली, तर तिला भेटण्याचे कारण उरत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली होणाऱ्या देखाव्यालाही येथे जागा नसावी. तीन बिंदूंचा सीट-बेल्ट १९५९ साली व्होल्व्हो कंपनीच्या नील्स बोलिन याने आणला आणि त्याने असंख्य जीव वाचवले. परंतु तोच पट्टा जुन्या गाडीच्या पातळ पत्र्याला नुसत्या बोल्टने जोडला, तर धडकेच्या क्षणी पत्रा फाटून तो निखळतो. मागे जाड पट्टी वेल्ड करून जागा बळकट केली तरच तो पट्टा खरा. येथे मूळ पत्र्याला भोक पाडावे लागते. ते पाडावे, असेच माझे मत आहे. मुलाच्या जिवापुढे पत्र्याचे सोवळे टिकत नाही.

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिने २०१३च्या आरंभी स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत या बाबतीत मोठे शहाणपण आहे. स्मारकांसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेच्या धर्तीवर ती रचलेली आहे. गरजेपोटी आधुनिक बदल करावाच लागला, तर तो नजरेत न खुपणारा असावा, पुन्हा पूर्ववत करता येण्याजोगा असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, असा तिचा आशय आहे. हॉब्जच्या जुन्या फळ्यांचे योग्य उत्तर कदाचित हेच. फळ्या फेकू नयेत आणि त्यांचे दुसरे जहाजही बांधू नये. त्या पुढच्या पिढीसाठी माळ्यावर ठेवाव्यात. आपला निर्णय तिला मान्य होईलच असे नाही. तो फिरवण्याची संधी तिला असावी.

राहिला प्रामाणिकपणा. आता जुन्या डायनॅमोच्या कवचात लपवलेला अल्टरनेटर मिळतो. पाहणाऱ्याला कळतही नाही. हा दृष्टीचा मान राखणे आहे की फसवणूक? बदल लपवला यापेक्षा तो विचारल्यावर सांगितला की नाही, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. स्पर्धेत परीक्षकापुढे, विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकापुढे आणि घरात आपल्या मुलांपुढे तो सांगितला गेला पाहिजे. त्यासाठी गाडीत एक साधी वही असावी: काय काढले, काय घातले, केव्हा आणि कशासाठी. काढलेली वस्तू कोठे ठेवली आहे, तेही.

तात्पर्य, वारशाच्या वस्तूपुढे तीन जणांचा हक्क उभा असतो: जिने ती घडवली त्या गेल्या पिढीचा, आज आपल्यासोबत रस्त्यावर असलेल्या परक्याचा, आणि उद्या तिची किल्ली हाती घेणाऱ्याचा. पहिल्याचे रूप राखावे, दुसऱ्याचा जीव राखावा, तिसऱ्याचे स्वातंत्र्य राखावे. आपल्या आरामाचा क्रम त्यानंतरचा. पण तो क्रम आहे, आणि तिघांचे देणे दिल्यावर तो घेण्यात संकोच नको. मऊ सीटवर आईला बसवून, दिवे नीट लावून, जुन्या फियाटने सावकाश निघालेले कुटुंब पाहिले, तर कुर्ल्याच्या त्या कारखान्यातल्या कामगारालाही आपल्या कामाचा अपमान झाला असे वाटणार नाही.