लांबीखालची खरी गाडी

जुन्या फायबरग्लासच्या गाडीचा रंग उतरवणाऱ्याच्या मनात एक श्रद्धा असते: थरामागून थर काढत गेलं की शेवटी खरी गाडी हाती लागेल. पत्र्याच्या गाडीला चुंबक लावून लांबी, म्हणजे पोचे बुजवायचा लगदा, कुठे भरली आहे ते आधीच ताडता येतं. फायबरला चुंबक चिकटतच नाही, तेव्हा इथे रंग काढणं आलंच. त्यातही रसायन बेतानं वापरावं लागतं, कारण ते रंगाबरोबर खालच्या रेझिनलाही मऊ करू शकतं. म्हणून जाणते कारागीर पातं जवळजवळ आडवं धरून रंगाच्या साली काढतात. वरचा लाल, त्याखाली आणखी जुना लाल, मग प्रायमर, आणि चाकावरच्या कमानीला अचानक तळहाताएवढा गुलाबी डाग. कुणीतरी कधीकाळी भरलेली लांबी! तो दिसला की मालक म्हणतो, फसवलं. पण सर्वांत खालचा थर तेवढा खरा आणि वरचे सगळे खोटे, हा नियम आला कुठून?

शेव्हरोलेची फायबरग्लासची कॉर्व्हेट घ्या. १९५३ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंटला ती बनू लागली. त्या वर्षी ३०० गाड्या निघाल्या, झाडून सगळ्या पांढऱ्या. तिची बॉडी एकसंध नव्हती. साच्यांतून काढलेले अनेक तुकडे आतून पट्ट्या लावून चिकटवायचे आणि बाहेरून सांध्यातली फट लगद्यानं भरून, घासून सपाट करायची. म्हणजे भरण कारखान्यातच झालं होतं. पुढे ऊन-थंडीनं तो सांधा रंगातून वर उमटू लागतो आणि पारखी मंडळी ती रेघ गाडीच्या अस्सलपणाची खूण मानतात. मूळ गाडी शोधत खाली गेलेल्याला तळाशीही भरणच भेटतं.

थर सोलण्याला आपल्याकडे अध्यात्माचाही आधार दिला जातो. अन्नमय कोशापासून आत आत जायचं, वरचं टाकत जायचं, हे पंचकोशांचं सर्रास सांगितलं जाणारं निरूपण. तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली मात्र इतकी उतावीळ नाही. भृगू अन्न, प्राण, मन, विज्ञान असं करत आनंदापर्यंत पोचतो, आणि लगेच पुढच्या अनुवाकात अन्नाची निंदा न करण्याचं व्रत येतं. शेवटाला पोचलेल्यालाच पहिल्या पायरीचा मान राखायला सांगितलं आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप २०२२ मध्ये उतरवला आणि आतलं रूप दिसलं. म्हणून आधीच्या पिढ्यांनी खोट्या देवीपुढे हात जोडले, असं म्हणायला कोण धजेल?

यावर रोकडा सवाल येईल: मग अपघातातली गाडी लांबी फासून धडधाकट म्हणून विकणाऱ्याला मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. पण त्याचं खोटं त्याच्या बोलण्यात आहे, लांबीत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळेच थर खरे असतील, तर सोलायचं तरी कशाला? उत्तर असं की थर सारखेच खरे असले तरी सारखेच मजबूत नसतात. साध्या लांबीत काचेचे धागे नसतात, त्यामुळे ती ताण पेलत नाही. तडा तसाच ठेवून वर लांबी चोपडली, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी तो आतल्या आत वाढतो आणि एक दिवस रंग फोडून बाहेर येतो. अशी लांबी खरवडलीच पाहिजे. तड्याच्या कडा उतरत्या घासून तिथे रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे थर दिले पाहिजेत. पाठीमागचं फायबर शाबूत असताना घट्ट धरून बसलेली, ठोकल्यावर पोकळ न वाजणारी जुनी लांबी केवळ ‘मूळची नाही’ म्हणून उकरणं हा मात्र निव्वळ सोवळेपणा आहे, आणि त्यात भोवतालचं चांगलं फायबरही नाहक झिजतं. ती राहू द्यावी, रंग चढवण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा आणि गाडी विकायची वेळ आली की तो गिऱ्हाइकाला आपणहून दाखवावा.