तहानेला पुरावा मागावा का?

मुंबईसारख्या शहरात पाणी कोणाला आणि किती मिळावे, हा प्रश्न आपण अभियंत्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत. धरणांत साठा किती, जलवाहिन्या किती जुन्या, गळती किती, याचा हिशेब त्यांनी ठेवायचा आणि पावसाने ओढ दिली की आपण काळजी करायची. हा हिशेब आवश्यकच आहे, पण त्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि तो धर्माचा आहे. ज्याला मी ओळखत नाही, जो अलीकडे या शहरात आला, ज्याच्या झोपडीला कागदाचा आधार नाही, त्याच्या तहानेचे माझ्यावर काही बंधन आहे का? माझ्या मते आहे. आणि हे बंधन दयेचे नाही, ऋणाचे आहे. दया करणाऱ्याला केव्हा करायची, कोणावर करायची आणि केव्हा थांबवायची याची मुभा असते. ऋणकोला ती नसते.

हा विचार बाहेरून आणावा लागत नाही. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे. धर्मशास्त्राने धर्मकृत्यांचे दोन भाग पाडले: यज्ञयाग हे इष्ट, आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, अन्नछत्रे हे पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचा मात्र शूद्रांसह सर्वांना. याहून महत्त्वाचा आहे तो तळ्याच्या उत्सर्गाचा विधी. तळे बांधणारा त्या विधीत तळ्यावरची आपली मालकी सोडतो आणि ते सर्वांसाठी मोकळे करतो. त्यानंतर त्यानेही पाणी घ्यायचे ते सर्वांपैकी एक म्हणून. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात याचे तपशीलवार विवेचन केले आहे. मुसलमानांमधील सबिलीची प्रथा आणि आपल्या गावोगावच्या पाणपोया यांमागचा भावही असाच आहे: येणाऱ्याला नाव-गाव न विचारता पाणी द्यायचे. दाता बाजूला झाल्याशिवाय दान पुरे होत नाही, ही यातली खरी शिकवण आहे.

परंपरेने ही शिकवण पाळली का? याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. पूर्त करण्याचा अधिकार सर्वांना देणाऱ्या समाजाने पाणी घेण्याचा अधिकार मात्र जातीवर तोलला. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा शास्त्राने केवळ लिहून ठेवलेली गोष्ट त्यांनी आचरणात आणली. पुढे १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा विरोधकांनी तळ्याचे शुद्धीकरण केले आणि वाद न्यायालयात नेला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. पाणी सर्वांचे आहे असे म्हणणे आणि ते सर्वांच्या ओंजळीत पडणे, यांत केवढे अंतर असू शकते हे महाडने दाखवून दिले. शहराच्या सेवा पुरेशा आहेत की नाहीत हे म्हणूनच ठरावांवरून किंवा सरासरीवरून ठरत नाही. ज्याला सर्वांत शेवटी पाणी मिळते, त्याच्या हंड्यावरून ते ठरते.

मुंबईला रोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळते. लोकसंख्या दीड कोटी धरली तरी माणशी अडीचशे लिटरच्या वर पाणी पडते, आणि शहरांसाठी मानलेले प्रमाण तर १३५ लिटरचे आहे. गळती, चोरी, उद्योग आणि कार्यालये यांचा वाटा वजा केला तरी कोणी तहानेले राहावे इतकी तूट निघत नाही. तरीही महापालिकेचे प्रमाण दीर्घकाळ इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असे होते. ४५ लिटर म्हणजे साधारण तीन हंडे. त्यातच पिणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे आणि शौच. शहरात पाणी चोवीस तास नसते. महापालिकेचा चावीवाला ठरल्या वेळी रस्त्यातले झाकण उचलतो, लांब लोखंडी चावीने झडप फिरवतो, आणि एका भागाचे पाणी बंद होऊन दुसऱ्या भागाचे सुरू होते. टाकी आणि पंप असलेल्या इमारतीला ही वेळ कळतही नाही. वस्तीतल्या बाईची झोप, मुलीची शाळा आणि दिवसाची मजुरी मात्र त्या चावीला बांधलेली असते. आणि ज्यांची झोपडी सरकारने ठरवलेल्या तारखेनंतरची, आधी १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २०००, त्यांना ही चावीही नव्हती. त्यांनी पाणी विकत घ्यायचे, तेही इमारतीत राहणाऱ्यापेक्षा कितीतरी चढ्या दराने.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो. बेकायदा वस्तीला नळ दिला तर कायदा पाळणाऱ्याचे काय, अतिक्रमणाला उत्तेजन मिळणार नाही का? डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने याला उत्तर दिले. पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, आणि पाणी दिल्याने झोपडी कायदेशीरही होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दर वेगळा ठेवण्याची मोकळीक त्याने महापालिकेला दिली. ही विभागणी मला रास्त वाटते. जमिनीचा वाद जमिनीच्या कायद्याने सोडवावा. तहान ही शिक्षा म्हणून कोणत्याही कायद्यात सांगितलेली नाही, तुरुंगातल्या कैद्यालाही आपण पाणी देतोच. शिवाय अनुभव काय सांगतो? नळ नाकारल्याने माणसांचे येणे थांबले नाही, कारण ती नळासाठी येतच नाहीत. ती कामासाठी येतात, आणि ते काम आपल्याच घरांत, बांधकामांवर आणि बाजारांत असते. नाकारलेल्या नळाने पोसले गेले ते पाणी विकणारे.

दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो: ज्याचे त्याचे प्रारब्ध. पण कर्मसिद्धान्त प्रत्येकाला त्याच्या कर्माबद्दल जबाबदार धरतो, आणि पाणी अडवून धरणे हे अडवणाऱ्याचे कर्म आहे. समोरच्याच्या प्रारब्धाचा हिशेब मांडायचा अधिकार त्या सिद्धान्ताने कोणालाही दिलेला नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शहर अमर्याद वाढत राहिले तर पाणी आणायचे कुठून? तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, मुंबईचे जवळपास निम्मे पाणी एकट्या भातशातून येते, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष झोपडीचा नळ तोडा हा नाही. ऋण मानायचे तर ते जलवाहिनीच्या दोन्ही टोकांना मानावे लागते. मर्यादा घालायची ती माणसांच्या संख्येवर न घालता गरजेपलीकडच्या वापरावर घालावी लागते. शहराच्या वाढीचा क्रमही पाहा: पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिथे इमारतींना परवानग्या आधी मिळाल्या आणि पाणी मागाहून यायचे राहिले. हे उलटे व्हायला हवे.

हे सारे कायद्यानेच का होऊ नये, धर्माची भाषा कशाला, असे कोणी विचारील. कायदा हक्क घोषित करतो. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरणही जाहीर केले. पण महाडचा ठरावही कागदावर पडून होता. दुसऱ्या वॉर्डात पाणी जावे म्हणून आपल्या वॉर्डातली कपात मान्य करणे, मीटर बसवून वापराप्रमाणे पुरते बिल भरणे, प्रक्रिया केलेले पाणी बागेला वापरणे, शहापूरच्या पाड्याचा पाणीखर्च शहराच्या अंदाजपत्रकातून उचलला जावा असा आग्रह धरणे, या गोष्टी मनात बंधन असल्याशिवाय होत नाहीत. आजच्या शहरात कोणी एकटा तळे बांधत नाही. आपण कर भरतो, तेच आपले पूर्त. मग उत्सर्गही आपणच करायला हवा: मी पैसे भरले म्हणून पाणी माझे, हा दावा सोडायला हवा. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला आपल्या सोसायटीच्या नळाबद्दल विचाराच. पण त्याआधी, वॉर्डातल्या शेवटच्या वस्तीला रोज किती वेळ आणि किती पाणी येते, हे विचारा.