नापास कोण झाले?



२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात वर्तमानपत्रांत आलेली एक बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. इन्फोसिस कंपनीच्या म्हैसूर येथील प्रशिक्षण केंद्रातून ७ फेब्रुवारी रोजी तीनशेहून अधिक नवशिक्या मुलामुलींना कमी करण्यात आले. नोकरीचे पत्र त्यांना २०२२ साली मिळाले होते. रुजू व्हायचा दिवस उजाडला तो २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. दोन वर्षे वाट पाहायची, काही महिने रात्रंदिवस अभ्यास करायचा, तीन वेळा परीक्षा द्यायची आणि मग बॅग भरून परतीची गाडी धरायची. कंपनीचे म्हणणे असे की, प्रत्येकाला तीन संधी मिळतात, तिन्ही वेळा जो उत्तीर्ण होत नाही त्याला पुढे ठेवता येत नाही, ही अट करारात लिहिलेली असते आणि हा नियम वीस वर्षांपासून चालत आला आहे. पुण्याच्या एका कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, कर्नाटकच्या कामगार खात्याने चौकशी केली.

त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात हाच विषय निघाला. कोणी म्हणाले, “तीन-तीन वेळा नापास म्हणजे अभ्यासच केला नसणार.” कोणी म्हणाले, “कंपन्यांना माणसे नकोच आहेत, परीक्षा हे निमित्त.” मी काहीच बोललो नाही. मी स्वतः बरीच वर्षे अंधेरीला सीप्झमधील एका कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांना शिकवत होतो, हे तिथल्या एकदोघांनाच ठाऊक होते. त्या दिवशी मी का गप्प बसलो, ते आज लिहीत आहे.

सीप्झ सुरू झाले १९७३ साली. आपल्या लोकांना ती जागा दुसऱ्याच कारणासाठी माहीत आहे: १५७९ साली बांधलेल्या आणि १८४० च्या साथीनंतर ओस पडलेल्या संत योहान बाप्तिस्ता चर्चच्या भिंती त्याच आवारात उभ्या आहेत. मी कामावर जाताना रोज त्यांच्या बाजूने जात असे. (आत कधी गेलो नाही. वेळ नसे, असे तेव्हा वाटायचे.) संगणकाच्या कंपन्या आणि शाळा ह्यांचे नाते मात्र त्याहूनही आधीचे. टाटा कन्सल्टन्सी १९६८ साली मुंबईत सुरू झाली तेव्हा संगणक शिकलेली माणसे देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. इंजिनिअर घ्यायचे, गणिताचे पदवीधर घ्यायचे आणि आपणच शिकवून तयार करायचे, ह्याला पर्यायच नव्हता. पुढे म्हैसूरसारखी केंद्रे उभी राहिली, जिथे एका वेळी दहा हजारांहून अधिक मुले शिकू शकतात.

ही शाळा इतर शाळांसारखी नसते. कॉलेजात आपण फी भरतो, इथे शिकण्याचा पगार मिळतो. त्यामुळे मुलांच्या मनात उपकाराची भावना असते आणि धाकही असतो. शिकवणारा आणि निवाडा करणारा इथे एकच. सकाळी जो फळ्यापाशी उभा राहतो, तोच संध्याकाळी यादी तयार करतो.

२००३ सालची गोष्ट. माझ्या तुकडीत बत्तीस जण होते. दहा आठवड्यांचे प्रशिक्षण, दर शुक्रवारी परीक्षा, उत्तीर्ण व्हायला साठ गुण. त्यांत जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा होता. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग तिकडेच इंजिनिअरिंग. घाटकोपरला मामाच्या खोलीत राहायचा आणि साकीनाक्याच्या गर्दीतून बसने यायचा. मेट्रो तेव्हा नव्हती. कधी तास लागे, कधी दोन. तिसऱ्या आठवड्यात ‘सी’ भाषेतला पॉइंटर हा भाग आला. हा भाग भल्याभल्यांना अडतो. त्याची वही मी पाहिली. फळ्यावरचे सगळे अक्षर न् अक्षर उतरवलेले होते, पण स्वतःचे असे एकही चिन्ह नव्हते. पंचवीस वर्षांचा शिक्षकही अशी वही पाहून ओळखतो की, ह्याला काही कळलेले नाही. मी तर चाळिशीत होतो. मला कळले. पण सोमवारी पुढचा भाग सुरू करायचा होता.

एकदा त्याने वर्गात प्रश्न विचारायचा प्रयत्न केला. इंग्रजी वाक्य मध्येच अडकले, मागच्या बाकांवर कोणीतरी हसले, तो खाली बसला. त्यानंतर त्याने हात वर केला नाही. वर्गात इंग्रजीतच बोलायचे असा आमचा नियम होता. मीही तो पाळत होतो.

पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा नापास. तिसऱ्यांदा अठ्ठावन्न. कंपनीने त्याच्या हाती पत्र ठेवले.

दुसऱ्या दिवशी हिशेबाचे कागद घ्यायला तो आला होता. कँटीनमध्ये एकटाच बसलेला दिसला. मी चहा घेऊन समोर बसलो आणि काय बोलावे ते न सुचल्यामुळे मराठीत विचारले, “नेमके काय अडत होते रे?” तो म्हणाला, “सर, पत्ता आणि वस्तू ह्यांत गोंधळ व्हायचा.” मी म्हटले, “मामाच्या चाळीचेच घे. खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तुझ्या खिशात आहे. ती चिठ्ठी म्हणजे काही खोली नव्हे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे चिठ्ठीवरचा नंबर बदलला तर मी दुसऱ्याच खोलीत जाईन, पण पहिल्या खोलीतले सामान आहे तिथेच राहील. आणि चिठ्ठीच कोरी असली तर मी कोणाच्याही दारात जाऊन उभा राहीन.” हे शेवटचे मी त्याला सांगितलेले नव्हते. ते त्याचे त्याला सुचले. आमचा चहा अजून संपलाही नव्हता.

त्याला दोन गुण वाढवून द्यायला हवे होते का? वर्षानुवर्षे मी स्वतःला हा प्रश्न विचारला आणि माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. ते खोटे झाले असते. एकसष्ट गुण घाम गाळून मिळवलेल्या मुलीवर तो अन्याय झाला असता. ज्या बँकेचे काम आम्ही करत होतो, तिथल्या खातेदारांनाही आपल्या पैशांचा हिशेब बरोबर असण्याचा हक्क आहे. कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे, हे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. अट आधी सांगितलेली होती आणि सर्वांना मोजमाप एकच होते. शेवटच्या दिवशी झालेल्या निवाड्यात मला आजही चूक दिसत नाही.

चूक तिसऱ्या आठवड्यात झाली होती आणि ती कुठल्याच कागदावर आली नाही. माझे काम कसे झाले हे ठरवताना तुकडीची सरासरी पाहत. जे कमी झाले त्यांची नावे सरासरीतून वगळली जात. म्हणजे तो मुलगा गेला आणि माझा आकडा सुधारला! त्या वर्षी माझ्या कामाचे कौतुक झाले. ते मी घेतले.

करार दोघांत होतो. शिकणाऱ्याने शिकायचे आणि शिकवणाऱ्याने शिकवायचे. शिकणाऱ्याची परीक्षा तीनदा होते. दुसऱ्याची कधी होते? तीनशे मुले एका दिवशी नापास होतात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी आळस केला असेलही. मी तिथे नव्हतो, मला न्याय करता येणार नाही. पण दोन वर्षे घरी बसवलेल्या मुलाची शिकण्याची सवय मोडते, ह्याचे गुण कोणाच्या खात्यात मांडायचे, एवढे तरी विचारता येते.

त्याच वर्षी उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी, २३ मार्चला, लूककृत शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा दाखला वाचला गेला. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि झाड तोडायला सांगतो. इतकी वर्षे मी तो दाखला मालकाच्या सहनशीलतेचा म्हणून ऐकत होतो. त्या दिवशी माझे लक्ष माळ्याकडे गेले. झाड चांगले आहे असे तो म्हणत नाही. मालक निर्दय आहे असेही म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी फळ आले नाही तर तोडायला त्याची हरकत नाही. तो फक्त म्हणतो की, मी भोवती खणतो आणि खत घालतो. कुऱ्हाड लागण्याआधी तो स्वतःचे काम वाढवून घेतो. सीप्झमध्ये माळी मीच होतो, पण मी नुसती फळे मोजली.

एप्रिलमध्ये म्हैसूरहून आणखी काही मुलांना कमी केले, तेव्हा कंपनीने त्यांना एक महिन्याचा पगार आणि बाहेरच्या संस्थेत बारा आठवड्यांचे मोफत प्रशिक्षण देऊ केल्याची बातमी आली. उशिरा का होईना, कोणीतरी कुदळ हातात घेतली असे मला वाटले. पुरेसे होते की नाही ते त्या मुलांनाच ठाऊक.

जळगावचा तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. त्याचा पत्ता माझ्याकडे होता. मी पत्र लिहिले नाही.

आपल्या धर्मग्रामातली एक मुलगी पुढच्या महिन्यात अशाच प्रशिक्षणाला निघाली आहे. तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली होती, काय वाचून ठेवावे ते विचारायला. दोन पुस्तकांची नावे सांगितली आणि म्हटले, “पहिल्या आठवड्यात जे कळणार नाही ते तिथल्या तिथे विचार. इंग्रजीत जमले नाही तर मराठीत विचार.”

ती म्हणाली, “अंकल, तसे चालते का तिथे?”

चालते, असे मी तिला सांगितले. माझ्या वर्गात ते चालत नव्हते, हे मात्र तिच्या आईसमोर माझ्याने सांगवले नाही.