रमणे हाही स्वाध्याय

मौजेखातर वाचणे म्हणजे आयुष्य वाया घालवणे, असे पोथीनिष्ठ मन मानते. मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हाती घ्यावे आणि हा समज तपासावा. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाकाठी वनाधिकारी म्हणून राहिलेल्या लेखकाची पुस्तके कुणी पुण्यासाठी वाचत नाही. वाचणारा नुसता रमतो. पण रमताना ‘मी’ मागे पडतो आणि पुढे कधी धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली की पाय आपसूक थबकतात. हे तर संसारातून पळ काढणे झाले, असा आक्षेप येईल. मात्र यांत्रिकपणे उरकलेले पारायणही पळवाटच असते. वाचून उठल्यावर दुसऱ्या जिवाकडे बघणारी नजर निवळली का, ही खरी कसोटी. या कसोटीला उतरणारे आनंदाचे वाचन स्वाध्यायाहून उणे नाही. असे पुस्तक सुट्टीसाठी निःशंक सुचवावे.