वर्तमान नावाचा काळ आहे काय?

‘चालू क्षणात जगा, म्हणजे आनंद आपोआप लाभेल,’ असा उपदेश अलीकडे प्रवचनांतून आणि पुस्तकांतून वारंवार कानी पडतो. तो ऐकावयास गोड आहे. परंतु चालू क्षण म्हणजे नेमके काय, असे विचारू गेल्यास उपदेश करणारे बहुधा विषय बदलतात. आमच्या पूर्वसूरींनी मात्र हा प्रश्न टाळला नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्या अध्यायात, वर्तमानकाळ मुळात आहे की नाही याचाच वाद मांडलेला आहे. पूर्वपक्षी म्हणतो, देठापासून सुटलेले फळ खाली येत असता त्याने ओलांडलेले अंतर हा भूतकाळ, ओलांडावयाचे अंतर हा भविष्यकाळ. तिसरे अंतर तेथे उरतच नाही, मग वर्तमान शोधावयाचा कोठे? भाष्यकार वात्स्यायनांचे उत्तर मार्मिक आहे. काळ अंतराने कळत नाही, क्रियेने कळतो. फळ पडत आहे, ही पडण्याची क्रिया चालू आहे, तोच वर्तमान. तो नाकारला तर भूत आणि भविष्य यांनाही आधार राहत नाही.

हा वाद वाचताना आम्हांस आपल्या देवळांतील प्रसादाची आठवण होते. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणे घालावयाचे, आणि उजवीकडची पडते की डावीकडची, याची वाट पाहावयाची. त्या वेळी यजमानाची नजर पाकळीवरून ढळत नाही. इतकी एकाग्रता त्याला एरवी जपातही साधत नसेल. तरीही त्याला आनंद होत नाही, कारण डोळे पाकळीवर आणि मन मुलीच्या लग्नावर किंवा जमिनीच्या दाव्यावर. पाकळी पडत असते, आणि तो मात्र ती पडून गेल्यानंतरच्या काळात आधीच जाऊन बसलेला असतो. प्रसाद घेऊ नये असे आमचे म्हणणे नव्हे. आम्हीही तो घेतला आहे, आणि असेच बसलो आहोत. नुसते लक्ष एकवटले म्हणजे वर्तमान हाती आला असे होत नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

याउलट, म्हार्दोळच्या श्रीमहालसेची जायांची पूजा पुष्कळांनी पाहिली असेल. त्या जायांच्या माळा गुंफताना पाहणे हेही आम्हांस दर्शनाइतकेच महत्त्वाचे वाटते. कळ्या उमलण्यापूर्वी गुंफाव्या लागतात. उद्यासाठी ठेवण्याची सोय नाही. गुंफणारी बाई पैशाचा विचार करीत नाही असे मानणे भाबडेपणाचे होईल. माळ केवढ्याला जाईल हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. परंतु गाठ मारताना मन गाठीपाशीच असावे लागते, नाहीतर कळी तुटते. वात्स्यायनांनी सांगितलेली ती चालू क्रिया तिच्या बोटांत आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्या घरी मूल अंथरुणाला खिळलेले आहे, तेथील आईला ‘उद्याचा विचार सोड’ असे सांगणारा मनुष्य ज्ञानी नव्हे, निर्दय होय. उद्याची काळजी घेणे हेच तिचे कर्तव्य आहे. हे आम्हांस मान्य आहे. परंतु उद्याची तरतूद हीदेखील आजच करावयाची क्रिया असते. डॉक्टरांना विचारणे, औषध आणणे, पैशांची जुळवाजुळव करणे, हे सारे वर्तमानातच घडते. चिंतेत क्रिया नसते. न पडलेले फळ शंभर वेळा पडताना पाहणे, तेवढेच तिच्यात असते. आईच्या मनातून ही चिंता जाईल असे आश्वासन आम्ही कोणत्या तोंडाने द्यावे? तरी कपाळावर पाण्याची घडी ठेवताना तिचे मन क्षणभर त्या घडीपाशी आले, तर त्या दुःखातही तिला पाय टेकावयास जागा मिळते. याला आनंद म्हणावे की नाही, याविषयी आम्ही पुष्कळ दिवस साशंक होतो. आता वाटते की, आनंद हा शब्दच आपण फार हसऱ्या चेहऱ्याचा करून ठेवला आहे.

१५६० साली धर्मच्छळाच्या भयाने श्रीमंगेशाला कुठ्ठाळीहून जुवारीपलीकडे प्रियोळला नेणाऱ्या भाविकांस आजचे देऊळ दिसत होते काय? त्यांच्या हाती होते ते एवढेच: नदी ओलांडणे, जागा झाडणे, दिवा लावणे.

त्याच मंगेशीला दर सोमवारी पालखी निघते. आम्ही तेथे उभे असतो तेव्हा आजूबाजूला मोबाईल धरलेले हात उंचावलेले दिसतात. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे हात जोडलेले असतात. परंतु शेवटची बस मिळेल की नाही, हा हिशेब मनात चाललेलाच असतो. एखाद्या सोमवारी मात्र वाद्यांचा नाद खरोखर कानी पडतो, पालखी वाहणारे खांदा बदलतात तेही दिसते, आणि बस कोठच्या कोठे जाते. ही अवस्था किती वेळ टिकली हे सांगता येत नाही. ध्यानात येते तेव्हा पालखी देवळात परतलेली असते.