आरमाराचा खर्च

‘युरोपा युनिव्हर्सालिस’ नांवाचा राज्यकारभाराचा एक खेळ संगणकावर खेळतात. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनें त्याचा चौथा भाग २०१३ सालीं काढला. खेळ १४४४ सालीं सुरू होतो व १८२१ सालीं संपतो. प्रत्येक प्रांतांत इमारतींस जागा मोजक्या. तेव्हां कारखाना उभारावा कीं जहाजांची गोदी, हा पेच पडतो. कारखान्याचा खर्च किती वर्षांत फिटेल याचें त्रैराशिक मांडतां येतें. गोदी स्वतः होऊन एक मोहोरही मिळवून देत नाहीं. साहजिकच कौल कारखान्याकडे जातो.

खेळापुरता हा हिशेब आम्हांस चुकीचा वाटत नाहीं. शत्रु खुष्कीनेंच येणार असेल तर गोदीवर पैसा घालणें मूर्खपणाच. पण खेळाची शेवटची तारीख ठाऊक असते. म्हणून अखेरच्या वर्षांतील बांधकाम व्यर्थ, असें तेथें निःशंक म्हणतां येतें. राज्यास अशी तारीख नसते. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. पुढच्याच वर्षीं पुरंदरच्या तहानें तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले. त्या वर्षीं जमाखर्च पाहणाऱ्यानें समुद्रांतील तटबंदीबद्दल काय म्हटलें असतें, याची कल्पना करावी! तरी किल्ला पुरा झाला.

मात्र ‘संकट आलें नाहीं, हाच आमचा नफा’ असें म्हणणाऱ्यावरही आमचा फारसा विश्वास नाहीं. त्या युक्तिवादानें कोणताही खर्च खपतो. टिर्पिट्झच्या आग्रहानें जर्मनीनें १८९८ पासून कायदे करून प्रचंड आरमार उभारलें. त्यानें इंग्लंडचें वैर वाढलें, युद्ध टळलें नाहीं, आणि १९१९ सालीं स्कापा फ्लो येथें तें त्याच्याच खलाशांनीं बुडविलें.

मग निवाडा कसा करावा? खेळांत सारे प्रांत एकाच थैलीचे. तेथें कोणी भीत नाहीं, कोणी कर देतांना कुरकुरत नाहीं. राज्यांत सारा भरतो देशावरचा कुणबी, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाडीला भितो तो किनाऱ्यावरचा कोळी. कुणब्याचा आंकडा दप्तरांत असतो; कोळ्याच्या भीतीस रकाना नाहीं. गोदी परवडत नाहीं असें ठरविणारे आम्ही बहुधा किनाऱ्यापासून लांब राहणारेच असतों.